माझ्या खाचराचं पाणी

"वर ये. आधी वर ये तू."

मोठ्या घरची काकी बांधावरून ओरडली तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी म्हणते. आमी सगळ्या बायका वाकलेल्या होतो. आवणी चालली होती. राबातली, म्हणजे पेरणीच्या वाफ्यातली, रोपं उपटून खाचरात चिखलात लावायची, त्याला आमच्याकडं आवणी म्हणतात. कंबर मोडते, पण बायका गाणी म्हणतात म्हणून दिवस निघतो. तेव्हा पण गाणं चाललं होतं. काकीचा आवाज आला नि गाणं मधेच तुटलं.

"तुलाच सांगतेय. तुझ्या पायाला चिखल्या हायत. रगात येतंय. वर ये."

आता मला सांगा, आवणीत चिखल्या कोणाच्या पायाला नसतात? दिवसदिवस पाय चिखलात. बोटांच्या बेचक्या सडतात, फाटतात, रक्त येतं. घरी गेल्यावर हळद-तेल कोमट करून लावायचं नि सकाळी परत उतरायचं. माझ्या बाजूला माझी चुलत जाऊ होती, यशोदी. तिच्या पायाची तर सालटं निघालेली.

मी म्हटलं, "काकी, सगळ्यांच्याच पायाला हायत की."

"सगळ्यांचं वेगळं नि तुझं वेगळं."

बस. एवढंच. कोणी मान वर करीना. मी हातातली रोपांची मूठ तशीच घेऊन बांधावर चढले. वाटलं, घरी जा म्हणेल, जाईन. तर काकी बायकांना म्हणाली, "हिनं लावलंय ते उपटा."

नि त्यांनी उपटलं.

सकाळपासून मी लावलेलं. माझी पात कुठली ते सगळ्यांना ठाऊक होतं, माझा हात घट्ट, रोपं जवळजवळ. यशोदी पहिली वाकली. मग बाकीच्या. हिरवा पट्टा होता तिथं नुसतं मातकट पाणी राहिलं. रोपं बांधावर फेकली, माझ्या पायाशी. मी पाय धुवायला पाटाकडं वळले तर काकी किंचाळली, "तिथं नको! पाणी खाली जातं. तिकडं दगडावर जा."

मी दगडावर गेले. पावसाच्या पाण्यानं पाय धुतले. मागं गाणं परत सुरू झालं नाय. त्या दिवशी पूर्ण आवणी मुकीच झाली असं नंतर कळलं.

ही मजुरी नव्हती, हे ध्यानात घ्या. सावड होती. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. आमच्याकडं वाडवडलांपासून असंच चालतं. मोठ्या घरच्या बायका काय चिखलात उतरत नसत. त्यांच्या सावडीला त्यांचे बैल यायचे. आमी त्यांची आवणी करायची, त्यांचे बैल आमच्या खाचरात चिखलणी करून द्यायचे. त्या वर्षी मी सगळ्यांच्या खाचरात जाऊन आले होते. माझंच राहिलं होतं. कामाला हात लागतात तोवर कोणी काय बोललं नव्हतं. माझं खाचर सगळ्यात वर, डोंगराच्या पायाला. तिथं पाणी आधी येतं, माझ्या बांधाचं तोंड सोडलं की खाली मोठ्या घराच्या खाचरात उतरतं. तिथनं पुढं सगळ्या गावाच्या.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. गाव आमचं मुरबाड तालुक्यातलं, पण शहापूरची हद्द जवळ.

माझा नवरा मोठ्या घरचीच गाडी चालवायचा. घरचा मालक आण्णा, काकीचा नवरा. त्याचा गवताचा धंदा. आमच्या माळावरचं गवत कापून, दाबून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. गवताची गाडी म्हणजे डोंगर चालल्यासारखी दिसते. नवरा चारचार दिवस घरी नसायचा. गाडी खाली झाली तरी आण्णा म्हणायचा, थांब तिकडंच, भाडं बघ. तो थांबायचा. कुठं थांबायचा, कोणाकडं थांबायचा, मी विचारलं नाय. तो पण बोलला नाय. मग खोकला लागला. मग जुलाब. अंगावरचं मास असं उतरलं, जसं कोणी रात्रंदिवस तासतंय. तालुक्याच्या खाजगी डॉक्टरनं रक्त तपासलं. आमाला नीट सांगितलं नाय, नुसता म्हणाला, "मोठ्या दवाखान्यात न्या." पण आण्णाला सांगितलं. आण्णाची नि त्याची ऊठबस. म्हणजे माझ्या घरातलं मरण माझ्या आधी मोठ्या घरच्या पडवीत पोचलं.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली होती तेव्हा तो गेला. लोकं बैल बघायला गेलेली, गाव रिकामं. परत आली तरी आमच्या दारात आली नाय. आंघोळ मी घातली. चौघं कशीबशी जमली, तोंडाला फडकी बांधून. नंतर माझं पण रक्त तपासलं, शहरातल्या सरकारी दवाखान्यात. तिथं एक सिस्टर होती, आवाज करडा, पण बाई सरळ. ती म्हणाली, "तुम्हाला पण आहे. एचआयव्ही. आता नीट ऐका. हा पाण्यातनं जात नाही. शिवल्यानं जात नाही. एका ताटात जेवल्यानं जात नाही. लोक काहीबाही सांगतील, त्यांचं ऐकून मरू नका." मी विचारलं, "औषध?" तेव्हा आमच्यासारख्यांना औषध नव्हतंच.

एकुलती एक पोरगी खर्डीकडं दिलेली. तिला सासरच्यांनी सांगितलं, आईकडं जायचं नाय.

तर आवणीच्या त्या दिवसानंतर माझ्या घरावरनं जाणारी वाट बंद पडली. बायका विहिरीला जायला वरच्या अंगानं वळसा घ्यायला लागल्या. मी ओट्यावर बसले की बाजूच्या घराचं दार लागायचं. कोणी शिवी दिली नाय. कोणी दगड मारला नाय. नुसतं शांत. सापानं बेडूक धरला की ओरडणं एकदम थांबतं ना, तसं.

नि राबात माझी रोपं वाढत होती.

ज्यांना शेती ठाऊक नाय त्यांना सांगते. रोप ठराविक दिवसांत राबातनं निघून खाचरात गेलं पायजे. उशीर झाला की ते म्हातारं होतं. कांडं धरतं, पिवळं पडतं. मग लावलं तरी फुटवा येत नाय, दाणा पोचट. म्हणजे सावड तुटली नि बैल आले नाय, तर मी घरात बसूनच वर्षाचं भात घालवणार होते. दुसरं काय होतं मला? ते खाचर नि हे शरीर. शरीराचं तर झालंच होतं.

मग आण्णा आला. अंगणात छत्री घेऊन उभा राहिला. ओट्यावर चढला नाय. बरोबर माझा दीर.

आण्णा म्हणाला, "हे बघ, तुझ्याबद्दल माझ्या मनात काय वाईट नाय. तुझा नवरा माझाच माणूस होता. पण तुझं खाचर वर हाय. तुझं पाणी आमच्यात येतं. सगळ्या गावानं तो तांदूळ खायचा. तू खाचरात पाय टाकू नको. माझी माणसं लावतील, माझी माणसं कापतील. अर्धं भात तुझ्या दारात आणून टाकू. तू नुसती बसून खा."

दीर म्हणाला, "वयनी, हो म्हण. यात तुझंच भलं हाय. तुला तरी किती दिवस..."

पुढचं गिळलं त्यानं. पण मी ऐकलं.

अंगात रोज संध्याकाळी बारीक ताप असायचा तेव्हा. मला वाटलं, बरोबरच बोलतात. कोण चिखल करणार, कोण लावणार? बसून खा म्हणतात तर खावं. दुसऱ्या दिवशी हो सांगायला मी मोठ्या घरी गेले.

पुढच्या दारानं नको म्हणाले. गोठ्याकडं जा. काकीनं सुनेला सांगितलं, "चा दे तिला. त्या कपात." गोठ्याच्या कुडाला एक कप खोचलेला असायचा, कान तुटका. सुनेनं तो लांबनं दगडावर ठेवला, वरनं चहा ओतला, एक हात वर धरून. चहा सांडला. सून मागं सरली.

गोठ्यात बारकी शेण भरत होती. बारकी म्हणजे गावाबाहेरच्या कातकरी वाडीतली. मोठ्या घरी राबायची. तिनं माझ्याकडं बघितलं, कपाकडं बघितलं नि म्हणाली,

"तो माझा कप हाय गो."

ती हसली. दात काळे, पण हसणं मोठं. "आता मी कशातनं पिऊ? घमेल्यातनं?"

मी विचारलं, "तुला ह्याच कपात देतात?"

"माझ्या आयेला पण ह्याच्यातच. कान तेव्हा होता." मग शेणाचा हात कुडाला पुसत म्हणाली, "तू कशाला आलीस?"

मी सांगितलं. ते खाचर लावणार, अर्धं भात मला, मी बसून खायचं.

बारकीचं हसणं गेलं. "माझ्या आज्याला पण असंच सांगितलेलं," ती म्हणाली. "डोंगराखाली आमची दळी होती, उतारावरची जमीन, नाचणी पिकायची. आज्याला देवी आल्या. ह्यांचा म्हातारा बोलला, तू बस, आमी लावतो. आजा बसला. बरा झाला नि बघायला गेला तर आत पाय ठेवू दिला नाय. तेव्हापासून आमी गोठ्यात."

मी कपाकडं बघितलं. त्यात माशी पडली होती, फिरत होती. एवढी वर्षं मी त्या गोठ्यावरनं जात होते, तो कप बघत होते. तो कोणाचा नि कशासाठी, कधी मनात आलं नव्हतं. आता दगडावर माझ्यापुढं होता तेव्हा नीट दिसला. रोगाची भीती असती तर काकीनं मला हाकलून दिलं असतं. हाकललं नाय. जागा दाखवली. रोग तर परवाचा. जागा तयारच होती. त्यांना फक्त माणूस पायजे होतं बसवायला.

मी चहा ओतून टाकला. कप धुतला नाय. कुडाला परत खोचला नि निघाले. मागनं काकी म्हणते, "अगो, सांगायला आलीस ना काय?"

"नाय," मी म्हटलं. "चा प्यायला आलेले. झाला."

दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन मी खाचरात उतरले. बैल नाय, नांगर नाय. फावड्यानं चिखल करायचा म्हणजे बाईच्या जिवाचं काम नाय ते. थोडं केलं की बसायचे. घाम सुटायचा नि थंडी पण वाजायची. वरनं पाऊस. डोंगर ढगात गेलेला, चार हातांवरचं दिसत नव्हतं. कोण बघतंय, कोण येतंय, कळत नव्हतं. बांधावर सळसळ झाली की मी फावडं घट्ट धरायचे.

आली ती बारकी.

"माझी दया येऊन आलीस?" मी विचारलं.

"तुझी कशाला दया? तुला तरी खाचर हाय." तिनं साडी वर खोचली. "पैसा नको मला. भात पायजे. जेवढं लावीन त्यातलं. कबूल असंल तर उतरते."

"मोठ्या घरी काय सांगशील?"

"सांगीन पोट दुखतंय. तिकडं शेण काय पळून जात नाय."

कबूल केलं. दोघींनी चिखल केला, दोघींनी लावलं. रोपं पार पिवळी झालेली, मुळं एकमेकांत गुंतलेली. बारकी गाणं म्हणायची, तिच्या वाडीचं, मला अर्धं कळायचं नाय. माझ्या चिखल्या परत फाटल्या. तिच्या पण फाटल्या. आमचं रक्त काय वेगळं दिसलं नाय बघा.

लावून झालं तशी सकाळी खाचर बघायला गेले.

पाणी भरलेलं. काठोकाठ. रोपांचे नुसते शेंडे वर, काही तर बुडालेलीच. माझ्या बांधाचं तोंड दगडमातीनं बुजवलं होतं. बाजूला आण्णाचे दोन गडी फावडी घेऊन बसलेले, नि वरच्या वाटेवर छत्रीखाली आण्णा. दीर पण होता, जरा मागं.

वरनं डोंगराचं पाणी येतंय नि खालचं तोंड बंद. आणखी एक दिवस असाच गेला असता तर सगळं कुजलं असतं. मग आण्णाला अर्धं भात द्यायचं पण कारण राहिलं नसतं नि मला गावात राहायचं पण.

मी म्हटलं, "आण्णा, तोंड सोडा."

"तुझं पाणी माझ्या खाचरात नको."

"माझ्या सासऱ्याच्या बापापासनं पाणी ह्याच वाटेनं जातं."

"तेव्हा रोग नव्हता."

माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाय. मी आण्णासमोर कधी मान वर केली नव्हती. "माझा नवरा आजारी असताना तुमची खाचरं नांगरीत होता, आण्णा. गाडी नसली की तुमी त्याला नांगराला लावायचे. त्याच्या पायाला चिखल्या नव्हत्या काय? तो तांदूळ खाल्लात ना तुमी? काकीनं खाल्ला, नातवांनी खाल्ला. गोड लागला ना? मग आता माझ्याच पायाचं पाणी कसं कडू लागतं?"

गडी एकमेकांकडं बघायला लागले, त्यांनी पण तोच तांदूळ खाल्लेला.

मी फावडं घातलं. दगड काढले. माती सुटली नि पाणी घोंगावत खाली निघालं. आण्णा ओरडला, "बुजवा रे!" गडी उठले. तेव्हा मी फावडं टाकलं नि त्या तोंडात बसले. सरळ बसकण मारली. कमरेएवढं पाणी दोन्ही बाजूंनी धावतंय, नि मी मधे.

"उचला तिला!" आण्णा म्हणाला.

कोणी हललं नाय.

"उचला म्हणतो ना!"

एक गडी पुढं आला. माझ्या हातापर्यंत आला नि थांबला. मी हात पुढं केला. "घे," मी म्हटलं, "धर. उचल." तो मागं झाला, घसरून पडला. आण्णा स्वतः खाली उतरला, बांधावर आला. छत्री हातात. मी त्याच्याकडं पण हात केला. तो माझ्या हाताकडं बघत राहिला. मोठ्या घरचा मालक, तालुक्यात ज्याला खुर्ची देतात तो. माझ्या ओल्या हाताला घाबरलेला.

बारकी वरच्या झाडाखालनं ओरडली, "बस बाय, बस! आज तुला यम पण हात लावायचा नाय!"

मला हसू आलं, खरं सांगते. पाण्यात बसून मी हसले. दीर म्हणाला, "डोकं फिरलंय हिचं, चला आण्णा." ते गेले. मी शेंडे वर येईपर्यंत बसून राहिले. दात वाजत होते. रोपांची पानं चिखलानं माखून वाकलेली, पण मुळं धरून होती.

भात चांगलं आलं म्हणाल तर नाय आलं. म्हातारं रोप, वर बुडालेलं. पोचटच जास्त. बारकीचं तिला दिलं. तिला मोठ्या घरी परत घेतलं नाय. मी फेब्रुवारीपासनं कंदमुळं नि नाचणीवर काढलं. अंग आणखी उतरलं. यशोदी पुढच्या वर्षी पण आली नाय, त्याच्या पुढच्या पण. पण बांधाचं तोंड परत कोणी बुजवलं नाय.

नंतर गोळ्या आल्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागल्या, पण तोवर कितीतरी वर्षं गेली होती. शहापुरात आमच्यासारख्या बायका जमायच्या, आटगावच्या, खर्डीच्या, आतल्या पाड्यांतल्या. त्यातल्या निम्म्या गोळी बघायच्या आधीच गेल्या. नि त्यातल्या कितीतरी जणींना कोणीतरी म्हटलं होतं, तू बसून खा. त्या बसल्या होत्या. घर दिराचं झालं, शेत सासऱ्याचं झालं, नि त्या पडवीच्या कोपऱ्यात मेल्या. मी तिथं गेले की प्रत्येकीला आधी हेच विचारते, "तुझ्या खाचरात कोण उतरतं?" गोळीचं नंतर विचारते.

सुरुवातीला गोळ्यांनी उलट्या व्हायच्या, वाईट स्वप्नं पडायची. आता अंगाला सवय झाली. रक्तातल्या पेशी वाढल्यात म्हणतात. पोरगी येते आता, सासू गेल्यापासून. आल्याआल्या सांगते, "आये, मी खाऊन आलेय." मी काढलेलं ताट परत ठेवते. एवढं भात पिकवलं, त्यातला घास तिला भरवू शकले नाय.

आण्णा गेला, साखरेच्या आजारानं. त्याचा मुलगा हाय. त्यानं खालची खाचरं मुंबईच्या माणसाला विकली, फार्महाऊस होतंय. आता रस्त्याला वरचं पायजे, म्हणजे माझं. तो दर महिन्याला येतो. ओट्यावर चढतो, बसतो, पाणी मागतो नि पीत नाय. गोड बोलतो. "काकू, तब्येत कशी हाय आता?" दीर पण विचारतो. दिराची मुलं पण विचारतात. गावात माझ्या तब्येतीची एवढी चौकशी कोणी कधी केली नव्हती. विचारताना डोळे माझ्या गळ्याच्या हाडांवर असतात. मोजतात. किती उरली.

ते वाट बघतायत. मला ठाऊक हाय. शेळी कधी मरते म्हणून गिधाडं झाडावर बसतात तशी, घाई नाय, आवाज नाय.

बघू दे. मी गावासमोर सांगून ठेवलंय, मोठ्यानं, पोरीला बाजूला उभी करून: माझ्या मागं खाचर पोरीचं, नि त्यात बारकी उतरणार, बारकीच्या सुना उतरणार, भाताच्या वाट्यानं. दिरानं खाली मान घातली. मोठ्या घरचा मुलगा म्हणाला, "कातकरणीला?" मी म्हटलं, "हो, तिलाच."

त्या दिवसापासून मला पुढचं भांडण ठाऊक झालंय. मी गेल्यावर ते बारकीवर येणार. पोरीला दम देणार. तोपर्यंत पोरीनं चिखलात उतरायला शिकलं पायजे, नि मला तिला शिकवायला पायजे. त्याला वर्षं लागतील. म्हणून मी गोळी चुकवत नाय. सकाळी एक, संध्याकाळी एक. नाचणीची भाकरी खाते, दुपारी आडवी होते, दवाखान्याची तारीख सोडत नाय. जगायची फार हौस उरलीय असं नाय.

त्यांना अजून खूप वाट बघायला लावायची हाय मला.